१७ सप्टेंबर: फळ्यावर नेमकं काय लिहायचं?

हिंगोली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर नव्याने रुजू झालेल्या एका शिक्षिकेचा हा प्रश्न आहे. त्या लिहितात: "१७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, परिपाठाचा दिनविशेष माझ्याकडे आला आहे. मी मूळची कोकणातली, आमच्याकडे हा दिवस पाळत नव्हते. एका ठिकाणी 'निजाम शरण आला' असं लिहिलंय, दुसरीकडे 'युद्धबंदी जाहीर', तिसरीकडे शरणागती १८ तारखेची. कुणी म्हणतं, त्या दिवशी हैदराबाद भारतात विलीन झालं. खरं काय? आणि सातवीतल्या एका मुलाने विचारलं, १५ ऑगस्टला झेंडा लावला की, मग महिन्याभरात परत कशाला? त्याला काय सांगू?"

ताई, आधी त्या मुलाचं उत्तर देऊ. बाकीचे प्रश्न त्यातूनच सुटतात.

१५ ऑगस्ट १९४७ ला तुमच्या कोकणात तिरंगा चढला, तेव्हा हिंगोलीत तो चढवायला बंदी होती. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यात आणि परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्येच जाहीर करून टाकलं होतं, की इंग्रज गेल्यावर आपण भारतातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही नाही, स्वतंत्र राहणार. हे काही चार खेड्यांचं संस्थान नव्हतं. १६ जिल्हे होते: ८ तेलंगणाचे, ३ कानडी मुलखाचे आणि ५ आपले, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. १९४१ च्या शिरगणतीत संस्थानात सुमारे १ कोटी ६३ लाख माणसं मोजली गेली होती. या सगळ्यांचा १५ ऑगस्ट लांबला. किती लांबला, ते मुलांनाच मोजायला लावा. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८. मधे १९४८ चा फेब्रुवारी २९ दिवसांचा आहे, तिथे निम्मी मुलं चुकतात. उत्तर ३९९ दिवस येतं. शिक्षक असताना मी दरवर्षी हे गणित फळ्यावर घालायचो. 'तेरा महिने' असं सांगितलेलं मुलं विसरतात, स्वतः मोजलेले ३९९ दिवस विसरत नाहीत.

आता तारखेचं.

१७ सप्टेंबर १९४८ हा शुक्रवार होता. भारतीय फौजा संस्थानात शिरून तो पाचवा दिवस. सकाळी पंतप्रधान मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. निजामांनी भारत सरकारचे हैदराबादेतले प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांना बोलावून घेतलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास युद्धबंदी जाहीर झाली. मग निजाम स्वतः रेडिओवर बोलले: आपल्या सैन्याला लढाई थांबवायचा हुकूम दिला आहे, रझाकार या निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेवर बंदी घातली आहे, भारतीय फौजांना बोलारम आणि सिकंदराबादेत यायला हरकत नाही. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासकट राजबंद्यांची सुटकाही त्याच निर्णयात आली. दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला दुपारी चार वाजता, निजामी सैन्याचे सेनापती मेजर जनरल अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली.

म्हणजे तुमच्या तिन्ही पुस्तकांत थोडं थोडं खरं आहे. १७ तारीख युद्धबंदीची आणि निजामांच्या जाहीर कबुलीची. १८ तारीख सैन्याच्या शरणागतीची. आपण १७ पाळतो, कारण रझाकारांचं राज्य संपलं हे लोकांनी त्या संध्याकाळी ऐकलं. सेनापतीने तलवार कधी ठेवली, याच्याशी खेड्यातल्या माणसाला काही देणंघेणं नव्हतं. त्याला शेतात आणि बाजारात जाता येईल की नाही, एवढंच पाहायचं होतं. ते त्या शुक्रवारी ठरलं.

'विलीन झालं' हा शब्द मात्र जपून वापरा. बाकीच्या संस्थानिकांसारखी हैदराबादने सामीलनाम्यावर १७ सप्टेंबरला सही केली, असं काही घडलं नाही. त्या दिवसानंतर वर्षभराहून अधिक काळ जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर होते. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामांनी फर्मान काढून भारताची राज्यघटना मान्य केली. २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद भारतीय संघराज्यातलं एक राज्य झालं आणि, हे ऐकून मुलं दरवर्षी चकित होतात, तेच निजाम त्या राज्याचे राजप्रमुख (म्हणजे राज्यपालासारखे) झाले, ते थेट १९५६ पर्यंत. १९५२ मध्ये निवडून आलेलं पहिलं मंत्रिमंडळ बुर्गुल रामकृष्ण राव यांचं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं आणि आपले पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. मग १ मे १९६० चं महाराष्ट्र राज्य. म्हणून फळ्यावर 'हैदराबाद संस्थान निजामाच्या राजवटीतून मुक्त झाले' असं लिहा. 'विलीन' ही पुढची, टप्प्याटप्प्याची गोष्ट आहे.

आणखी एक शब्द. सरकारने या कारवाईला 'पोलीस ॲक्शन' म्हटलं, कारण दिल्लीच्या दृष्टीने हा देशातल्या देशात शांतता राखण्याचा प्रश्न होता, दोन देशांमधलं युद्ध नव्हतं. लष्कराच्या कागदांत तिचं नाव 'ऑपरेशन पोलो'. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मात्र नुसतं 'ॲक्शन' असतं. "ॲक्शनच्या साली माझं लगीन झालं." "थोरला ॲक्शनच्या आदल्या वर्षीचा." मराठवाड्यात वय विचारलं की हा शब्द येतोच. आणि त्याच्या आधीच्या काळाला 'रझाकारी'. पुस्तकात 'मुक्तिसंग्राम' असेल, पण घरातल्या आजीला मुक्तिसंग्राम म्हणून विचारलंत तर ती काही बोलणार नाही. "आजी, रझाकारीत तुम्ही कुठं होता?" असं विचारलं की ती तासभर बोलते. एकतीस वर्षांच्या नोकरीत शिकलेली सगळ्यात कामाची गोष्ट मला विचाराल तर ही.

इथून पुढे जे सांगतो, ते दिनविशेषाच्या चार ओळींत मावणार नाही. पण ते ठाऊक असल्याशिवाय त्या चार ओळी जिवंत होत नाहीत.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी परिपाठाला वरचंच सगळं घडाघडा म्हणून दाखवायचो. एका वर्षी चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, आपल्या गावात मिल्ट्री कोणत्या दिवशी आली?" मला सांगता येईना. हैदराबादेत पाच वाजता काय झालं ते मला पाठ होतं आणि ज्या गावात मी पगार घेत होतो, त्या गावाचा तो दिवस मला ठाऊक नव्हता. त्या दिवसापासून मी गावोगावच्या तारखा गोळा करू लागलो. १७ सप्टेंबर ही सगळ्यांची मिळून एक तारीख आहे, पण प्रत्येक गावाची आपली एक तारीख आहे आणि दोन्ही खऱ्या आहेत.

कारवाई १३ सप्टेंबरला, सोमवारी पहाटे चारला सुरू झाली. मुख्य फौज सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाली, ती चौधरींच्या हाताखाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला. तिथला बोरी नदीवरचा पूल निजामी सैन्याला उडवता आला नाही, तो धडधाकट हाती लागला आणि रणगाड्यांना वाट मोकळी झाली. तुळजापूरला सकाळी दोन तास झुंज झाली. लोहाऱ्याकडे निघालेल्या तुकडीला नदीच्या पुराने अडवलं. भाद्रपदाचे दिवस, पावसाळा सरलेला नव्हता. तेव्हा तुळजापूरचा मुलगा म्हणतो, आमची तारीख १३. दुसऱ्या बाजूने मेजर जनरल ब्रार यांच्या फौजा औरंगाबादवर आल्या. चाळीसगावकडून एक तुकडी कन्नड आणि दौलताबादकडे उतरली. औरंगाबाद आणि जालना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसांत हाती आले, जालन्याला कडवा प्रतिकार झाला. तिथून फौज लातूरला आणि मग मोमिनाबादला गेली. मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, हे मुलांना सांगावं लागतं.

आणि ताई, तुमचं हिंगोली. एक तुकडी हिंगोलीत पोचली ती १७ सप्टेंबरलाच. निजामांची घोषणा आणि हिंगोलीत शिरलेलं सैन्य, दोन्ही एकाच दिवशी. मराठवाड्यातल्या मोजक्याच गावांना सरकारी तारीख आणि गावची तारीख अशी एक मिळाली आहे. तुमच्या दिनविशेषाची पहिली ओळ मी तरी हीच केली असती.

पहाटे चारपासून पाचव्या दिवशीच्या संध्याकाळी पाचपर्यंत १०९ तास होतात. हा आकडा भाषणांत खूप येतो, आणि तिथेच माझं दुखतं. मुलांना वाटतं, सैन्य आलं, १०९ तासांत मोकळं करून गेलं, गावकरी नुसते बघत होते. तसं नव्हतं. हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ ची. स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली, तरी त्या ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे नेते गोविंदराव नानल. त्याच्या आदल्या वर्षी परतूरला महाराष्ट्र परिषद भरली होती. त्या काळी साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागायची, 'गश्ती निशाण ५३' नावाचा हुकूम होता. १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या पोरांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणायचा हट्ट धरला, मग तो हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोचला. शेकडो विद्यार्थ्यांची नावं काढून टाकली. कित्येकांनी नागपूर विद्यापीठात जाऊन शिक्षण पुरं केलं, त्यांतले एक पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव. सातवी-आठवीच्या मुलांना हा प्रसंग जरूर सांगा. त्यांच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी होती ती पोरं.

स्वामी रामानंद तीर्थ संन्यास घेण्यापूर्वीचे व्यंकटेश खेडगीकर. जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, ३ ऑक्टोबर १९०३. भगव्या कपड्यांमुळे मुलं त्यांना कीर्तनकार समजतात. ते आपल्यासारखे शिक्षक होते: आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत. गोविंदभाई श्रॉफही औरंगाबादेत शिक्षकच, नोकरी सोडून लढ्यात आले. आपल्या पेशातल्या माणसांनी हा लढा उभा केला, हे परिपाठात सांगताना माझा आवाज दरवर्षी जरा चढायचा.

१९४७ च्या ऑगस्टपासून लढ्याचं रूप गावागावांत उतरलं. धान्याची सक्तीची लेव्ही द्यायची नाही, शिंदीची झाडं तोडायची म्हणजे सरकारचं शिंदीवरचं उत्पन्न बुडेल, करोडगिरीचे नाके मोडायचे, पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे द्यायचे. (करोडगिरी म्हणजे जकात. संस्थानच्या हद्दीवर माल नेता-आणताना द्यावी लागायची. वाशीमच्या रस्त्यावरचं तुमचं कणेरगाव 'नाका' कशाने झालं, याचा शोध मुलांना घ्यायला लावा.) गावची दप्तरं जाळली गेली ती याच काळात. म्हणून त्या सालचा कागद मागायला गेलात आणि मिळाला नाही, तर कारकुनावर चिडू नका. कागद नसणं हीसुद्धा त्या लढ्याचीच खूण असू शकते.

नोव्हेंबर १९४७ मध्ये निजाम आणि भारत सरकार यांच्यात वर्षभराचा 'जैसे थे' करार झाला. कागदावर तो शांततेचा होता, पण गावांत त्याच महिन्यांत रझाकारांचा जोर वाढत गेला. 'रझाकार' या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक. त्यांचा पुढारी कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. जाळपोळ, लूट, बायाबापड्यांवरचे अत्याचार. माणसं रातोरात घरं सोडून हद्दीपलीकडे वऱ्हाडात, सोलापूर-नगरकडे गेली. उमरखेड, मनमाड, सोलापूर अशा ठिकाणी स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. तिथून तरुण रात्री संस्थानात शिरायचे, चौकी उठवायची आणि उजाडायच्या आत परतायचे. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक त्यांनी लुटली आणि पैसा लढ्याच्या कामी लावला. तारीख पाहा. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. वर्षभराच्या दिनविशेषात ३० जानेवारीला आपण एकच ओळ लिहितो, नांदेड-हिंगोलीच्या शाळांत ती दोन ओळींची असायला हवी.

माणसांची नावं गावागणिक वेगळी. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला गोविंदराव पानसरे, ते १९४६ मध्येच मारले गेले. जालन्याचे जनार्दन मामा, त्यांच्या नावाचा मामा चौक आजही आहे. वसमतला बहिर्जी शिंदे, त्यांचं नाव शाळा-कॉलेजला दिलेलं रोज वाचलं जातं, माणूस कोण होता ते विचारलं जात नाही. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके बाई असून हत्यार घेऊन उभ्या राहिल्या. तुमच्या शाळेत ज्या नावाला मुलांचं घर, शीव, पाटी चिकटलेली असेल, ते एक नाव घ्या. वीस नावांची यादी वाचली की मुलं पाय हलवायला लागतात.

यात शोएबुल्ला खान हे नाव मात्र मी कधी गाळलं नाही. हैदराबादेतल्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावं असं उघड लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. ॲक्शनला महिनाही उरला नव्हता. वर्गात मुस्लिम मुलं बसलेली असतात आणि १७ सप्टेंबर आला की त्यांच्या माना खाली जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. निजाम, रझाकार आणि शेजारचा सलीम यांची गल्लत आपण शिक्षकांनीच होऊ द्यायची नसते. राजवट जुलमी होती, रझाकारांनी छळ केला, हे स्पष्ट शब्दांत सांगा. आणि त्याच दमात शोएबुल्ला खानांचं नावही घ्या.

आता जे दिनविशेषात येत नाही ते. ॲक्शननंतरच्या दिवसांत अनेक गावांत सूड उगवला गेला आणि त्यात रझाकारीशी काही संबंध नसलेली मुस्लिम कुटुंबंही भरडली गेली. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली तिघांचं मंडळ पाठवलं होतं. त्यांच्या अहवालात २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज आहे. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून त्यांनी चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. एकदा आठवणी लिहून घेताना एका आजींनी मला विचारलं, "गुरुजी, माझ्या बापाचं नाव तुमच्या वहीत कोणत्या पानावर लिव्हनार?" त्यांचे वडील सूतकाम करायचे, ॲक्शननंतर चौथ्या की पाचव्या दिवशी गेले. मी ते नाव त्याच वहीत, त्याच क्रमाने लिहिलं. चौथीच्या मुलांपुढे हे सांगू नका, त्यांचं वय नाही. नववी-दहावीच्या वर्गात सांगा, सावकाश, आकडा आणि संदर्भ जागेवर ठेवून. मुक्तीच्या दिवसाचा मान त्याने कमी होत नाही. मी अनेक वर्षं सांगत आलो, एकाही पालकाची तक्रार आली नाही.

हाच दिवस सीमेपलीकडे वेगळ्या नावाने ओळखला जातो, तेही आठवी-नववीला दोन मिनिटांत सांगता येतं. कर्नाटकातले बीदर, कलबुर्गी, रायचूर हे जिल्हे १७ सप्टेंबर पाळतात, २०१९ पासून त्या भागाचं नाव 'कल्याण कर्नाटक' आहे. तेलंगणात याच दिवसाला कुणी मुक्ती म्हणतं, कुणी एकात्मता, त्यावरून दरवर्षी वाद होतो. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी मुख्यमंत्री ध्वजारोहण करतात. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही १७ सप्टेंबरचंच, साल १९९४. आणि प्रबोधनकार ठाकरे यांचा जन्म १७ सप्टेंबर १८८५ चा, तो कोणत्याही दिनविशेषात सापडेलच, फळ्यावर जागा उरली तर घ्या.

नकाशाची एक चूक टाळा. आजचा आठ जिल्ह्यांचा मराठवाडा १९४८ च्या नकाशावर काढू नका. जालना १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. पाच जिल्हे काढा, मग मुलांनाच विचारा, आपला जिल्हा कुणाच्या पोटात होता.

जुने कागद हाती आले तर तारखा फसली सनात, म्हणजे निजामी राज्यातल्या महसुली कालगणनेत, असतात. शाळेचं जुनं दाखलखारीज रजिस्टर, जमिनीचे उतारे, सगळं उर्दूत किंवा मोडीत आणि साल '१३५७' वगैरे. घाबरू नका. हैदराबादी फसली साल ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या नोंदीला ५९० मिळवा, जानेवारी ते सप्टेंबरमधल्या नोंदीला ५९१. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८. आपल्या त्या ३९९ दिवसांतले बहुतेक या एकाच फसली सालात बसतात. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी रजिस्टर मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो.

म्हाताऱ्या माणसांना तारीख विचारू नका, ती चुकणारच. पीक विचारा, सण विचारा, बाजार विचारा. "मूग निघाले होते का? गणपती बसले होते का? त्या हप्त्याचा बाजार भरला का?" गणपतीचे दिवस चालू होते आणि मूग-उडीद काढणीला आलेले. जो माणूस म्हणतो जोंधळ्याचं खळं चालू होतं, तो बहुतेक दुसऱ्याच एखाद्या प्रसंगाचं सांगतोय. त्याला खोडू नका, लिहून घ्या, फक्त ॲक्शनखाली लिहू नका. आणि उशीर करू नका. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीला टेकलं आहे.

परिपाठासाठी मी शेवटची काही वर्षं वाचत असे तो मजकूर देतो. गावचा भाग तुम्ही बदला:

"आज १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपला मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि बायकांनी लढा दिला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात आलं. १७ सप्टेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, निजामाने युद्धबंदी जाहीर केली. त्याच दिवशी सैन्य आपल्या हिंगोलीत पोचलं. देशाच्या स्वातंत्र्यानंतर ३९९ दिवसांनी आपण स्वतंत्र झालो. म्हणून आपण दोनदा झेंडा लावतो."

एवढं वाचायला पाऊण मिनिट लागतं. उरलेल्या चार मिनिटांत स्वतः बोलू नका. आदल्या शुक्रवारी मुलांना सांगून ठेवा, की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला 'रझाकारीत तुम्ही कुठं होता' एवढं एकच विचारून या. सत्तरातली चाळीस मुलं विचारणार नाहीत, पंचवीस जण 'ठाऊक नाही' असं उत्तर आणतील. उरलेली पाच जे आणतील ते त्यांच्याच तोंडून परिपाठात सांगू द्या आणि दुपारी शंभर पानी वहीत उतरवून ठेवा: सांगणाऱ्याचं वय, गाव, आणि वाक्य त्यांनी म्हटलं तसंच, 'लिव्हलं' असेल तर 'लिव्हलं'. हिंगोलीत त्या शुक्रवारी सैन्य कोणत्या रस्त्याने शिरलं, कोण बघायला गेलं आणि कोण दाराला कडी लावून बसलं, हे सांगणारं कुणी तुमच्या पाचांत निघालं, तर मला जरूर कळवा. माझ्या वहीत हिंगोलीचं पान अजून कोरं आहे.